आधी तक्रार, मग आरती



आळंदीहून माउलींच्या सोहळ्यात ज्यांनी वाट चालली आहे, त्यांना समाजआरती सांगायला नको. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. शेकडो टाळ वाजत असतात, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात सगळा तळ शांत होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, कुणी तिचा क्रम मोडला असेल, कुणी वाटेत धक्काबुक्की केली असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. एवढ्या मोठ्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, काय झाले ते विचारतात, ऐकून घेतात, निवाडा होतो. मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवले-सापडले पुकारतात, उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगतात आणि मग आरती होते. ही हैबतबाबांच्या सोहळ्याची शिस्त.

मी ही आरती तरुणपणापासून पाहत आलो. कीर्तनात तिचे वर्णनही पुष्कळ केले. लाखो माणसे कशी क्षणात गप्प होतात, हेच मी रंगवून सांगायचो. त्या शांततेत एकटे वाजणारे टाळ मात्र माझ्या वर्णनात ओझरते येत. त्यांचा अर्थ मला गेल्या कार्तिकात कळला, आणि तोही मोबाइलमुळे. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

आमचे मांडवगण फराटा भीमेच्या काठी. नदी ओलांडली की दौंड तालुका. हीच भीमा पुढे पंढरीत चंद्रभागा होते, म्हणून आमच्याकडची म्हातारी माणसे सकाळी नदीकडे तोंड करून हात जोडतात. नदीवर शेतकऱ्यांच्या मोटारी, त्यांच्यावर ऊस. २०२० साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. त्या वर्षी दिंडीतल्या मुलांनी व्हॉट्सॲपवर आमच्या दिंडीचा ग्रुप काढला. एकादशीचे निरोप, कोण आजारी आहे, कुणाकडे भजन आहे, सगळे त्यावर येते. मी कीर्तनातून निवृत्त झालेला माणूस. सकाळी चहा घेताना ग्रुप उघडायचा आणि जे आले असेल त्याखाली जोडलेल्या हातांचे चित्र लावायचे, एवढे मला नातवाने शिकवले होते.

गेल्या कार्तिकात एका रात्री नदीवरच्या काही मोटारींच्या केबली चोरीला गेल्या. ज्यांच्या गेल्या त्यांत आमच्या दिंडीतला एक तरुण होता. ऊस पाण्याला आलेला, केबल महाग, तिचे पैसेही उसनेच घेतलेले. त्याने रागाच्या भरात ग्रुपवर लिहिले की चोर कोण ते सांगायला नको. पुढे पारधी समाजाचे नाव घेऊन त्याने एक शिवी लिहिली आणि चोरी ह्यांच्या रक्तातच आहे असे म्हटले. ती शिवी मी इथे लिहीत नाही. खाली कुणी हसणारी तोंडे लावली, कुणी ‘बरोबर आहे भाऊ’ म्हटले. आणि माउली, त्याखाली माझेही जोडलेले हात होते. मी न वाचता लावले होते. पण वाचणाऱ्याला ते कसे कळावे?

आमच्या दिंडीत पारधी समाजाचा एक मुलगा तीन वर्षे टाळ धरतो. गावाबाहेर गायरानाकडेला त्याचे घर. ट्रॅक्टर चालवतो. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकवत नाही. त्याने त्या मजकुराखाली एकच ओळ लिहिली, ‘मी पण ह्याच ग्रुपात आहे.’ आणि तो ग्रुपमधून निघून गेला.

ज्याच्या हातात ग्रुप आहे त्याने घाईने तो मजकूर सगळ्यांच्या मोबाइलवरून काढून टाकला. दोन दिवस कुणालाही काही लिहिता येणार नाही असे करून ठेवले आणि वर लिहिले, ‘विषय संपला. ग्रुपवर फक्त हरिनाम घ्यावे.’ सगळ्यांना बरे वाटले. मलाही वाटले. चोप वर झाला, तळ शांत झाला.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. म्हणाला, “महाराज, त्या पोराला तुम्ही समजवा. तुमचा शब्द तो मोडायचा नाही. ताटीचे अभंग सांगा त्याला. संतांनी किती सोसलं ते सांगा.” मला ते पटले. आयुष्यभर मी ताटीवर बोलत आलो. संन्याशाची पोरे म्हणून लोकांनी ज्या भावंडांना हिणवले, त्यांतले ज्ञानोबा एके दिवशी अपमानाने व्यथित होऊन झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून त्यांना ताटी उघडायला लावली. ही कथा सांगून मी मंडप रडवले आहेत. हा मुलगाही ताटी लावूनच बसला होता. मी काठी घेऊन निघालो.

तो अंगणात ट्रॅक्टरचे काहीतरी करत होता. उठला, पाया पडला. मीही त्याच्या पाया पडलो, आपली रीतच ती. “पाणी घेता का, महाराज?” असे त्याने जरा थांबून विचारले. मी पाणी प्यालो. माझ्या तोंडून मुक्ताई सुरू होणार, तेवढ्यात त्याची आजी बाहेर आली. मला ओळख पटली. अखंड हरिनाम सप्ताहात मंडपाच्या कडेला, खांबाजवळ बसायची ती.

म्हणाली, “महाराज, तुमची चोराची गोष्ट लई नामी असायची.”

मी म्हटले, “आठवते का तुम्हाला?”

“न आठवायला काय झालं? समदे हसायचे. म्या बी हसायची. न्हाई हसलं तर लोक माझ्याकडं बघायचे.”

ती सहज बोलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला पुढे काही बोलवेना.

ती गोष्ट काय होती ते आपल्याला सांगितले पाहिजे. एक चोर शिपायांना चुकवत कीर्तनात येऊन लपतो, नाम कानांवर पडते आणि त्याचे मन पालटते, असा तो दृष्टांत. माझ्या गुरूंनी मला दिला तेव्हा त्यात नुसता ‘एक चोर’ होता. पण कीर्तन रात्री नऊ ते अकरा. उत्तररंगात माणसे पेंगायला लागतात, त्यांना जागे ठेवायला हशा लागतो. मी त्या चोराला पारधी केले. त्याला त्यांची बोली दिली, त्यांचे हेल काढले. मंडप हसून लोळायचा. वीस-पंचवीस वर्षे मी हा दृष्टांत किती गावांत सांगितला ह्याची मोजदाद नाही. नामाने चोर तरतो, हा माझा सिद्धांत. पण ऐकणारी लहान पोरे घरी जाताना सिद्धांत नेत नाहीत, चोराची जात नेतात. ग्रुपवर ज्याने शिवी लिहिली तो मुलगा अशाच सप्ताहांत पुढे बसून लहानाचा मोठा झाला. त्याने लिहिलेले पहिले अक्षर त्याला मीच गिरवून दिले होते.

त्या दिवशी मी ताटीचे नावही न काढता परत आलो. वाटेत विचार करत होतो. मुक्ताई ज्ञानोबांना सोसायला सांगते, राग आवरायला सांगते. तिला तो अधिकार होता, कारण तीही त्याच संन्याशाची लेक होती. जो दगड दादाला लागला तोच तिलाही लागला होता. आळंदीतल्या ज्या लोकांनी हिणवले, त्यांच्यापैकी कुणी जर ताटीबाहेर येऊन शांतीचा उपदेश केला असता, तर आपण त्याला काय म्हटले असते? आणि मी तर नेमका तोच माणूस, तेच सांगायला निघालो होतो. नाथांचेही असेच. गोदावरीवरून स्नान करून येताना अंगावर पुन्हा पुन्हा थुंकले तरी नाथ शांत राहिले, ही कथा आपण अपमान झालेल्या माणसाला ऐकवतो. थुंकणाऱ्याला बोलवून ऐकवत नाही.

ही शिवी आली कुठून, तेही जाणून घेतले पाहिजे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती देशभर वाढली. त्या कायद्याने एकेक जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरली. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. काहींना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत ठेवले. सोलापूरची सेटलमेंट अनेकांना ऐकून माहीत असेल. रानात फास लावून तितर-ससे धरणाऱ्या फासेपारध्यांवरही हा शिक्का बसला. देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणून भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. म्हणजे रक्तात चोरी असते हे ना शास्त्राने सांगितले, ना संतांनी. ते परक्या सरकारच्या नोंदवहीत होते. सरकारने ती वही मिटवली. मी मात्र ती गळ्यात वीणा घालून पंचवीस वर्षे वाचत राहिलो.

कार्तिक वद्यात बरेच जण आळंदीला गेले होते. ते आल्यावर मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला, म्हणजे गीताजयंतीला, आम्ही सगळे देवळात बसलो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. ज्याने दुसऱ्याचे मन पोळत नाही, जे खरे आहे, गोड आहे आणि हिताचेही आहे, ते बोलणे म्हणजे वाणीचे तप. त्याचा पाठ झाला आणि मग ग्रुपचा विषय काढला.

एकजण म्हणाला, “कायद्याने ॲडमिनवर काही येत नाही, उगाच कशाला उकरायचं?” त्याचे खरे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले आहे, की दुसऱ्या सभासदाने लिहिलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येणार नाही. त्याचा त्यात सामील हेतू दिसला पाहिजे. पण ज्याने लिहिले तो सुटत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला लोकांसमोर अपमानित करणे हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे. त्या मुलाने तक्रार केली असती तर तो त्याचा हक्क होता, आणि आमच्यापैकी कुणीही त्याला अडवायला जाणे हे दुसरे पाप झाले असते. पण आम्ही काही कोर्टात बसलो नव्हतो, देवळात बसलो होतो.

दुसरा तरुण म्हणाला, “महाराज, सोपं आहे. शब्दांची यादी करू. ह्या-ह्या जातीचं नाव ग्रुपवर आलं की मजकूर काढायचा.” सूचना चांगल्या मनाने केलेली होती. पण मी त्याला विचारले, “सेना न्हावी, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, ही नावे आपण रोज घेतो. तुझ्या यादीने सगळे संत ग्रुपबाहेर जातील. चोखोबा तर स्वतःच्या जातीचे नाव स्वतः घेऊन देवाला जाब विचारतात. त्यांचे अभंग काढणार का?” आणि उलट बाजूही पाहा. कुणी नुसते ‘ती माणसं’ असे लिहिले आणि खाली हसणारे तोंड लावले, तर यादीत सापडेल असा एकही शब्द नाही, पण ज्याला लागायचे त्याला बरोबर लागते. संतांनी जात घेतली ती स्वतःची, देवापुढे उभे राहून. आपण घेतो ती दुसऱ्याची, त्याला खाली ढकलण्यासाठी. शब्द तोच असतो, तो कुणाच्या तोंडून आणि कुणावर येतो हे पाहावे लागते. म्हणून हे काम यादीने होत नाही. माणसालाच जागे राहून ऐकावे लागते.

तेव्हा मला समाजआरतीतले ते टाळ आठवले. आम्ही काय केले होते? चोप वर करून सगळ्यांना गप्प केले होते. ज्याचे टाळ वाजत राहिले होते त्याच्याकडे कुणी गेलेच नव्हते. उलट त्याने टाळ थांबवावेत म्हणून मला पाठवले होते. मी हे सभेत सांगितले. मग उठून उभा राहिलो आणि चोराच्या दृष्टांताची सगळी हकिकत सांगितली. ज्या देवळात तो सांगितला होता त्याच देवळात, ज्यांना हसवले होते त्यांच्यासमोर, तो माझा अपराध होता असे म्हटले. कीर्तनात कधी पाय कापले नाहीत, त्या दिवशी कापले. काही म्हाताऱ्यांना ते आवडले नाही. एकजण म्हणाला, “महाराज, गोष्टच होती ती. एवढं काय?” त्याला मी आजीचे ते वाक्य सांगितले.

ज्याने लिहिले होते तो मुलगाही उठला. आधी त्याला बोलताच येईना. मग म्हणाला, “केबल गेली तेव्हा माझ्याकडं कुणी विचारायलाही आलं नाही.” तेही खरे होते, माउली. त्याचेही टाळ वाजत होते आणि तेही आम्ही ऐकले नव्हते. म्हणून त्याने लिहिलेले क्षम्य होत नाही, पण तोही आपल्याच दिंडीतला आहे. दुसऱ्या दिवशी दिंडीतले चौघेजण त्याच्याबरोबर पोलिसांत रीतसर तक्रार द्यायला गेले. चोर आजवर सापडलेला नाही. उद्या सापडला तर त्याला त्याच्या नावाने ओळखायचे, जातीने नाही, एवढे आमचे ठरले आहे.

त्या मुलाने ग्रुपवर, जिथे शिवी लिहिली होती तिथेच, स्वतःच्या शब्दांत माफी लिहिली. मग त्या घरी जाऊन तो पाया पडला. त्याला ग्रुपमधून काढा असे काहींचे म्हणणे होते. मी म्हटले, पसायदानात माउलींनी दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले आहे. पण जो ऐकणारच नाही, पुन्हा पुन्हा तेच करील, त्याला मात्र बाहेर ठेवावे लागेल. दिंडीतही शिस्त मोडणाऱ्याला थांबवतातच, नाहीतर बाकीच्यांनी चालायचे कसे?

आपल्याही दिंडीचा, भजनी मंडळाचा, सप्ताहाचा ग्रुप असेल. आमच्याकडे जे ठरले ते सांगतो, उपयोगी वाटले तर घ्या. पहिले, कुणाच्या जातीला, धर्माला, प्रांताला हिणवणारे काही आले तर ते काढायचे, पण नुसते काढून ‘विषय संपला’ म्हणायचे नाही. ज्याला लागले असेल त्याच्याकडे त्याच दिवशी दोघांनी जायचे, फोनवर नाही, घरी. आणि गेल्यावर आधी ऐकायचे. दुसरे, माफी जिथे बोलला तिथेच मागायची. चारचौघांत अपमान आणि कोपऱ्यात माफी, असे चालायचे नाही. तिसरे, ज्याचा अपमान झाला त्याला क्षमेचा उपदेश कुणी करायचा नाही. क्षमा केली तर ती त्याने दिलेली भिक्षा समजायची. चौथे माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी, न वाचता हात जोडायचे नाहीत.

आणि कीर्तनकार बंधूंना एक विनंती. आपले दृष्टांत एकदा काढून तपासा. त्यात चोर कोण आहे, कंजूष कोण आहे, अडाणी कोण आहे, हेल कुणाचे काढले आहेत, ते बघा. परराज्यातला मजूर असेल, व्यापारी असेल, दुसऱ्या धर्माचा असेल, ज्याला हसतो तो मंडपाच्या कडेला खांबाजवळ बसलेला असतो. तोही आपल्याबरोबर हसतो, कारण न हसून त्याला चालत नाही. मी गुरूंचा दृष्टांत बदलला होता. आता कुणी विचारले तर पुन्हा ‘एक चोर’ म्हणूनच सांगतो. सिद्धांतात काडीचाही फरक पडत नाही.

तो मुलगा ग्रुपमध्ये परत आला नाही. मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. निरोप द्यायचा असला की आमच्यातला कुणीतरी त्याला फोन करतो. आषाढीला मात्र तो दिंडीत चालला. मला आता चालवत नाही, म्हणून नातवाने गाडीने फलटणच्या तळावर नेऊन दर्शन घडवले. समाजआरतीला मी आमच्या दिंडीजवळ उभा होतो. चोप वर झाला, सगळे शांत झाले. दूर कुठल्यातरी दिंडीचे टाळ वाजत राहिले. पूर्वी मी अशा वेळी मनात म्हणायचो, कशाला उशीर करतात. ह्या वेळी मी कान देऊन ऐकत राहिलो. आमच्या रांगेत तो मुलगा उभा होता, हातातले टाळ त्याने छातीशी धरले होते. तोही ऐकत होता. बऱ्याच वेळाने ते टाळ थांबले आणि मग आरती झाली.

राम कृष्ण हरी.